छायाचित्रावरील चित्ररूप वॉटरमार्क : तयारी, मांडणी आणि मर्यादा

छायाचित्र एकदा समाजमाध्यमावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात गेले की ते कोणी टिपले ही माहिती त्याच्यापासून फार लवकर सुटी होते. फाइलचे नाव बदलते, कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेला तपशील वाटेत गळून पडतो आणि चौथ्या-पाचव्या हातात पोहोचेपर्यंत त्या छायाचित्राला धनीच उरत नाही. ही ताटातूट रोखण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे छायाचित्रकाराची ओळख छायाचित्राच्या पृष्ठभागावरच उमटवणे, आणि या उमटवलेल्या खुणेला वॉटरमार्क किंवा जलचिन्ह म्हणतात. कागदावरील जलचिन्हाची परंपरा इटलीतील फाब्रियानो येथील कागद-कारागिरांपर्यंत, म्हणजे 13व्या शतकापर्यंत मागे जाते. साच्यात वाकवलेली तार बसवल्याने तेवढ्या भागात कागद पातळ होत असे आणि तो उजेडासमोर धरला की खूण दिसत असे. भारतीय चलनी नोटेतील महात्मा गांधींची छबीही कागदाच्या जाडीतील फरकामुळेच उजेडात दिसते. डिजिटल छायाचित्रात मात्र कागदाची जाडी नसल्यामुळे ही खूण छायाचित्राच्या रंगांत अंशतः मिसळून निर्माण करावी लागते, आणि तिचे यश हे मिश्रण किती विचारपूर्वक केले आहे यावर अवलंबून असते.

वॉटरमार्क दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअरमध्ये थेट नाव टंकित केले जाते, तर दुसऱ्या प्रकारात बोधचिन्ह, स्वाक्षरी किंवा सुलेखनातील नाव यांची आधी तयार केलेली चित्रफाइल छायाचित्रावर ठेवली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा, चित्ररूप प्रकार आहे. मराठी छायाचित्रकारासाठी तो विशेष सोयीचा ठरतो, कारण देवनागरी मजकूर टंकित केल्यावर काही सॉफ्टवेअरांत जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते. उलट नाव एकदा चित्र म्हणून तयार केले की ते कोणत्याही संगणकावर, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे राहते. या संपूर्ण विवेचनामागे एकच सूत्र आहे: वॉटरमार्कचे काम नाव सांगण्याचे आहे, आणि ते काम छायाचित्राला कमीत कमी इजा पोहोचवून झाले पाहिजे. आकार, जागा, अपारदर्शकता आणि रंग यांविषयीचा प्रत्येक निर्णय या सूत्रावर घासून घ्यावा.

बोधचिन्हाची फाइल

पहिली आवश्यकता म्हणजे पारदर्शक पार्श्वभूमी असलेली चित्रफाइल. जेपीईजी या प्रकारात पारदर्शकता साठवण्याची सोयच नसल्याने जेपीईजी बोधचिन्ह छायाचित्रावर ठेवताच त्याच्याभोवती पांढरा चौकोन दिसतो, आणि नवख्या वापरकर्त्याची पहिली अडचण बहुधा हीच असते. 1996 मध्ये पुढे आलेल्या पीएनजी या प्रकारात लाल, हिरवा व निळा या तीन रंगघटकांबरोबर चौथी एक नोंद ठेवता येते, जिला अल्फा वाहिनी म्हणतात. नेहमीच्या पीएनजीमध्ये ही नोंद प्रत्येक पिक्सेलसाठी 0 ते 255 अशा 256 पायऱ्यांत असते, 0 म्हणजे पूर्ण पारदर्शक आणि 255 म्हणजे पूर्ण अपारदर्शक. या मधल्या पायऱ्यांमुळेच अक्षरांच्या कडा छायाचित्रात मऊपणे मिसळतात. बोधचिन्ह मुळात रेषांच्या गणिती वर्णनातून बनवलेले, म्हणजे व्हेक्टर स्वरूपाचे असेल, तर त्याची एसव्हीजी प्रत जपून ठेवावी, कारण तिच्यातून हव्या त्या आकाराची पीएनजी काढता येते आणि मोठे करताना कडा फाटत नाहीत. अशी फाइल बनवण्यासाठी इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. व्हेक्टर प्रत नसेल तर किमान 2000 पिक्सेल रुंदीची पीएनजी तयार ठेवावी, कारण मोठे चित्र लहान करताना तपशील टिकतो, लहान चित्र ताणून मोठे करताना तो बिघडतो.

हाताने लिहिलेले नाव वापरायचे असेल तर ते पांढऱ्याशुभ्र कागदावर काळ्या शाईने, थोड्या जाड टोकाच्या पेनाने लिहावे आणि स्कॅन करावे. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे: बँकेत, करारनाम्यांवर किंवा धनादेशावर जी स्वाक्षरी केली जाते ती वॉटरमार्क म्हणून कधीही वापरू नये, कारण तिची स्वच्छ प्रत सार्वजनिक करणे म्हणजे गैरवापराला आमंत्रण देणे होय. छायाचित्रांसाठी नावाचे वेगळे सुलेखन करून घ्यावे.

स्कॅन केलेल्या कागदाचा पांढरा भाग काढताना तो जादुई कांडीसारख्या निवड-साधनाने निवडून पुसण्याचा मोह टाळावा. शाईच्या कडेचे पिक्सेल पूर्ण काळे नसतात. काळा ते पांढरा या प्रवासातील करड्या छटा तेथे असतात, आणि पांढरे तेवढे पुसले की या छटा फिकट किनार होऊन मागे उरतात, जी गडद पार्श्वभूमीवर लगेच डोळ्यांत भरते. गिंप या सॉफ्टवेअरमध्ये 'लेयर' मेन्यूतील 'ट्रान्सपरन्सी' या विभागात 'कलर टू अल्फा' नावाची आज्ञा आहे. तिच्यात पांढरा रंग निवडला की प्रत्येक पिक्सेलमधील पांढरेपणाचे प्रमाण पारदर्शकतेत रूपांतरित होते, करडी छटा अर्धपारदर्शक काळी होते आणि किनार उरत नाही. त्यानंतर थरांच्या, म्हणजे 'लेयर'च्या यादीतील 'लॉक अल्फा' हा पर्याय लावून संपूर्ण थरात पांढरा रंग भरला की त्याच स्वाक्षरीची पांढरी आवृत्ती मिळते, कारण पारदर्शकता कुलूपबंद असल्याने रंग केवळ अक्षरांपुरताच बदलतो. अशा रीतीने एक पांढरी आणि एक काळी अशा दोन फाइली तयार ठेवाव्यात. दोन्ही का लागतात हे पुढील हिशोबावरून स्पष्ट होईल.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. बारीक रेषांचा फॉन्ट मोठ्या आकारात देखणा दिसला तरी वॉटरमार्कच्या आकारात शिरोरेषा पुसट होते, अनुस्वार हरवतो आणि 'ष्ट', 'क्ष', 'द्ध' अशी जोडाक्षरे गिचमिड होतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत, आणि त्यांची जाड वजने लहान आकारातही वाचता येतात. कोणताही फॉन्ट निवडला तरी त्यातील नाव 150 पिक्सेल रुंदीत छोटे करून पाहावे आणि तेथे ते वाचता आले तरच पक्के करावे.

अपारदर्शकतेचा हिशोब

प्रतिमा-संपादनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरांत छायाचित्र आणि बोधचिन्ह हे दोन वेगळे थर, म्हणजे एकावर एक ठेवलेले 'लेयर' असतात आणि वरच्या थराची अपारदर्शकता, म्हणजे 'ओपॅसिटी', शून्य ते शंभर टक्के अशी बदलता येते. मिश्रणाचा साधा नियम असा की, वरच्या रंगाचा जितका टक्का धरला तितकाच तो उमटतो आणि उरलेला टक्का खालच्या रंगाचा राहतो. उदाहरणार्थ, 40 टक्के अपारदर्शकतेचे पांढरे बोधचिन्ह, ज्याचे मूल्य 255 आहे, 100 मूल्याच्या मध्यम करड्या भागावर ठेवले तर 102 अधिक 60, म्हणजे 162 हे मूल्य येते. आजूबाजूच्या 100 पेक्षा ते 62 पायऱ्यांनी उजळ असल्याने नाव सहज वाचता येते. तेच बोधचिन्ह तितक्याच अपारदर्शकतेने 230 मूल्याच्या उजळ आकाशावर ठेवले तर 102 अधिक 138, म्हणजे 240 हे मूल्य येते आणि फरक फक्त 10 पायऱ्यांचा उरतो, म्हणजे नाव असून नसल्यासारखे होते. याच आकाशावर काळे बोधचिन्ह ठेवले तर मूल्य 138 पर्यंत उतरते आणि 92 पायऱ्यांचा ठळक फरक मिळतो. मात्र 40 मूल्याच्या गडद खडकावर काळे बोधचिन्ह 24 पर्यंतच उतरते आणि पुन्हा दिसेनासे होते. काही सॉफ्टवेअर प्रकाशाचा हिशोब वेगळ्या पद्धतीने करतात आणि तेथे हे आकडे बदलतात, पण निष्कर्ष बदलत नाही: गडद भागावर पांढरे आणि उजळ भागावर काळे चिन्ह वापरावे.

या हिशोबावरून हेही दिसते की अपारदर्शकतेचा एकच आकडा सर्व छायाचित्रांना लागू करणे चुकीचे आहे. सर्वसाधारणपणे कोपऱ्यातील चिन्हासाठी 30 ते 60 टक्के हा पल्ला उपयोगी पडतो, परंतु अंतिम निर्णय डोळ्यांनी घ्यावा. जेथे पार्श्वभूमी ठिकठिकाणी बदलते, म्हणजे झाडांची पाने, गर्दी किंवा नक्षीकाम असते, तेथे पांढऱ्या चिन्हाला अगदी हलकी गडद सावली द्यावी. त्यामुळे उजळ ठिपक्यांवर अक्षराची कड टिकते आणि अपारदर्शकता वाढवावी लागत नाही.

थर मिसळण्याच्या इतर पद्धतींपैकी 'ओव्हरले' ही पद्धत लोकप्रिय आहे, कारण तिच्यात खालच्या छायाचित्राचा पोत चिन्हातून दिसत राहतो आणि चिन्ह कोरल्यासारखे भासते. तिचा दोष असा की ती खालच्या रंगाला केंद्रस्थानी ठेवते, आणि खाली शुद्ध पांढरा किंवा शुद्ध काळा असेल तर तेथे काहीच उमटत नाही. धुके, बर्फ, पांढऱ्या भिंती किंवा रात्रीचे आकाश असलेल्या छायाचित्रांत म्हणून 'नॉर्मल' हीच पद्धत विश्वासार्ह ठरते.

आकार आणि जागा

बोधचिन्ह मोठे असले की ते सुरक्षित असते, ही समजूत सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात मोठे चिन्ह पाहणाऱ्याची नजर विषयावरून हटवते, आणि नाकापेक्षा मोती जड झाला की छायाचित्र पाहण्याचे कारणच संपते. प्रदर्शित करायच्या छायाचित्रात चिन्हाची रुंदी एकूण रुंदीच्या 10 ते 15 टक्के आणि कडेपासूनचे अंतर लहान बाजूच्या सुमारे 3 टक्के ठेवले तर ते वाचता येते आणि त्रासदायकही होत नाही. उभ्या छायाचित्रात रुंदी कमी असल्याने याच टक्केवारीने चिन्ह फार बारीक होते, म्हणून तेथे ती 20 टक्क्यांपर्यंत न्यावी.

जागा निवडताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो: चिन्ह विषयावर येऊ नये आणि कात्री लावून ते सहज काढता येऊ नये. यासाठी 2048 बाय 1365 पिक्सेलच्या आडव्या छायाचित्राचे उदाहरण पाहावे. उजव्या खालच्या कोपऱ्यात, कडेपासून 40 पिक्सेल आत, 250 पिक्सेल रुंद चिन्ह ठेवले तर ते उजव्या कडेपासून 290 पिक्सेलपर्यंतची जागा व्यापते. हेच छायाचित्र कोणी मधोमध चौरस कापले, जसे ते परिचय-चित्र लावताना कापले जाते, तर दोन्ही बाजूंनी सुमारे 341 पिक्सेल गळतात आणि चिन्ह संपूर्ण नाहीसे होते. कापणाऱ्याचा हेतू वाईट नसला तरी नाव गेलेच. तेच चिन्ह खालच्या कडेच्या मध्यभागी, किंवा विषयाच्या पायाशी असलेल्या जमिनीच्या, पाण्याच्या वा वस्त्राच्या भागावर ठेवले तर चौरस कापातही ते टिकते. कोपरा ही सवयीची जागा आहे. योग्य जागा प्रत्येक छायाचित्रात शोधावी लागते.

राजगडाच्या सुवेळा माचीवरून सकाळी टिपलेल्या एखाद्या छायाचित्राची कल्पना केली तर हा विचार कसा करावा हे ध्यानात येते. वरचा तिसरा हिस्सा उजळ आकाशाचा, मध्ये दरीतील धुके आणि खाली तटबंदीचा काळा कातळ अशी त्याची रचना असेल. आकाशात पांढरे चिन्ह दिसणार नाही, काळे दिसेल पण आकाशाची मोकळीक बिघडवेल. धुक्यात 'ओव्हरले' पद्धत चालणार नाही. तटबंदीवर मात्र पांढरे चिन्ह 35-40 टक्के अपारदर्शकतेनेही स्वच्छ वाचता येईल, दगडाच्या पोतामुळे ते पुसून काढणे अवघड जाईल आणि चौरस कापातही तट बहुधा राहीलच. म्हणून चिन्ह तटबंदीवर, मध्याच्या किंचित उजवीकडे ठेवावे.

गिंपमधील कृती

गिंप हे मुक्त सॉफ्टवेअर 1995 मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी लिहायला घेतले आणि त्याची 3.0 ही आवृत्ती 2025 मध्ये आली. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मोफत चालते, म्हणून पुढील कृती त्यावर बेतली आहे. वॉटरमार्क हा नेहमी शेवटचा संस्कार असावा. रंगदुरुस्ती, कातरणी, आकार लहान करणे आणि धार वाढवणे हे सर्व आधी उरकावे, कारण चिन्ह लावल्यावर धार वाढवली तर अक्षरांभोवती पांढरी वलये येतात आणि आकार लहान केला तर अक्षरे अपेक्षेपेक्षा बारीक होतात.

1. छायाचित्राची प्रत उघडावी, मूळ फाइल उघडू नये. 'इमेज' मेन्यूतील 'स्केल इमेज' या आज्ञेने लांब बाजू प्रकाशनाच्या गरजेप्रमाणे, उदाहरणार्थ 2048 पिक्सेल, करावी.

2. 'फाइल' मेन्यूतील 'ओपन ॲज लेयर्स' या आज्ञेने बोधचिन्हाची पीएनजी निवडावी. ती छायाचित्राच्या वर नवा थर म्हणून येते. साध्या 'ओपन' आज्ञेने ती वेगळे चित्र म्हणून उघडते, ही नेहमी होणारी गल्लत टाळावी.

3. 'स्केल' साधन, जे 'शिफ्ट' आणि 'एस' या कळांनी मिळते, निवडून चिन्ह लहान करावे. रुंदी-उंचीच्या आकड्यांशेजारची साखळी जोडलेली असावी, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. येथे आकार एकदाच ठरवावा. लहान केलेला थर पुन्हा मोठा केला तर गमावलेला तपशील परत येत नाही, म्हणून अंदाज चुकल्यास पायरी मागे घ्यावी किंवा फाइल नव्याने आणावी. फोटोशॉपमध्ये 'प्लेस एम्बेडेड' या आज्ञेने आणलेले चित्र 'स्मार्ट ऑब्जेक्ट' म्हणून मूळ तपशिलासह राहते, त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही.

4. 'इमेज' मेन्यूतील 'गाइड्स' या विभागातून मार्गदर्शक रेषा आखून कडेपासूनचे अंतर निश्चित करावे आणि 'मूव्ह' साधनाने, म्हणजे 'एम' या कळेने, चिन्ह जागेवर न्यावे. या रेषा केवळ पडद्यावर दिसतात, निर्यात केलेल्या छायाचित्रात उमटत नाहीत.

5. थरांच्या यादीत चिन्हाचा थर निवडून वरची 'ओपॅसिटी' पट्टी आधी शंभरावर ठेवावी आणि हळूहळू खाली आणावी. जेथे नाव वाचता येते पण नजर प्रथम तेथे जात नाही, त्या टप्प्यावर थांबावे. गरज असल्यास 'फिल्टर्स' मेन्यूतील 'लाइट अँड शॅडो' विभागातून 'ड्रॉप शॅडो' लावून सावली मऊ आणि फिकट ठेवावी.

6. छायाचित्र शंभर टक्के आकारात आणि नंतर मोबाइलच्या पडद्याएवढे लहान करून, अशा दोन्ही रीतींनी तपासावे. एका आकारात बरोबर वाटणारे चिन्ह दुसऱ्यात अनेकदा बोजड किंवा अदृश्य ठरते.

7. थर कायम ठेवणाऱ्या एक्ससीएफ प्रकारात एक प्रत जतन करावी आणि 'एक्स्पोर्ट ॲज' या आज्ञेने जेपीईजी प्रत काढावी.

ग्राहकाला निवडीसाठी पाठवायच्या नमुना-छायाचित्रांवर, विशेषतः लग्नसमारंभाच्या कामात, संपूर्ण चौकट व्यापणारे जाळीदार चिन्ह लावण्याची पद्धत आहे. त्यासाठी भोवती पुरेशी मोकळी जागा सोडून थोडे तिरके केलेले चिन्ह 'कॉपी' करावे, नवा पारदर्शक थर घ्यावा आणि 'बकेट फिल' साधनात रंगाऐवजी नक्षी भरण्याचा पर्याय निवडावा. कॉपी केलेले चित्र नक्षींच्या यादीत आपोआप उपलब्ध होते. अशा जाळीची अपारदर्शकता 15 ते 20 टक्क्यांच्या आसपास असावी, म्हणजे चेहऱ्यावरील भाव पाहून निवड करता येते पण छपाईसाठी ते छायाचित्र निरुपयोगी राहते. प्रसिद्धीसाठीच्या छायाचित्रांवर ही जाळी लावू नये.

एकाच वेळी अनेक छायाचित्रे

शेकडो छायाचित्रांवर एकेक करून चिन्ह लावणे व्यवहार्य नसते. लाइटरूम क्लासिकमध्ये 'एडिट वॉटरमार्क्स' या खिडकीत 'ग्राफिक' हा पर्याय निवडून पीएनजी दिली की अपारदर्शकता, छायाचित्राच्या प्रमाणात आकार, कडेपासूनचे अंतर आणि नऊ ठरावीक जागांपैकी एक जागा ठरवून ती मांडणी नावानिशी साठवता येते, आणि निर्यात करताना ती सर्व निवडलेल्या छायाचित्रांना लागू होते. मोफत पर्यायांपैकी डिजीकॅम या सॉफ्टवेअरच्या 'बॅच क्यू मॅनेजर' विभागात चित्ररूप वॉटरमार्कची सोय आहे, आणि आज्ञावलीची सवय असणाऱ्यांना इमेजमॅजिक हे साधन एका ओळीच्या आज्ञेने संपूर्ण फोल्डरचे काम करून देते. कोणतेही साधन वापरले तरी आकार पिक्सेलमध्ये न देता टक्केवारीत द्यावा, नाहीतर 6000 पिक्सेल रुंद छायाचित्रावर बेताचे दिसणारे चिन्ह 1080 पिक्सेल रुंद छायाचित्रावर अर्धी रुंदी व्यापेल.

घाऊक पद्धतीची उणीव ही की ती छायाचित्र पाहत नाही. चिन्ह एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर येते की आकाशात विरघळते, हे तिला कळत नाही. म्हणून संचाचे आधी दोन गट पाडावेत, खालचा भाग गडद असलेली छायाचित्रे आणि उजळ असलेली छायाचित्रे. पहिल्या गटाला पांढऱ्या आणि दुसऱ्याला काळ्या चिन्हाची मांडणी लावावी, आडवी व उभी छायाचित्रेही वेगळी करावीत आणि निकाल लघुचित्रांच्या रूपात एकदा नजरेखालून घालावा. जी थोडी छायाचित्रे बिघडलेली दिसतील ती हाताने दुरुस्त करावीत.

निर्यात करताना

जेपीईजी हा प्रकार छायाचित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे पाडून बारीक तपशील टाकून देतो, आणि अक्षरांच्या तीव्र कडा हाच तो बारीक तपशील असल्याने फार दाबलेल्या फाइलीत नावाभोवती मळकट ठिपके दिसतात. गुणवत्ता 85 ते 92 या पल्ल्यात ठेवली तर फाइल आटोपशीर राहते आणि नावही स्वच्छ राहते. रंगीत, विशेषतः लाल बोधचिन्हांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते: जागा वाचवण्यासाठी अनेकदा रंगाची माहिती उजळपणाच्या माहितीपेक्षा कमी तपशिलाने साठवली जाते आणि बारीक लाल रेषा पसरट होतात. गिंपच्या निर्यात-खिडकीत यासाठी 4:4:4 हा पर्याय आहे, परंतु समाजमाध्यमे फाइल पुन्हा दाबत असल्याने एकरंगी पांढरे किंवा काळे चिन्हच अधिक टिकाऊ ठरते. छायाचित्र एसआरजीबी या सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या रंगमंडलात निर्यात करावे, म्हणजे वेगवेगळ्या पडद्यांवर रंग फिके पडत नाहीत.

दृश्य चिन्हाबरोबर फाइलच्या अंतर्गत नोंदीतही, म्हणजे मेटाडेटात, निर्मात्याचे नाव आणि हक्कविषयक ओळ भरावी. गिंपमध्ये 'इमेज' मेन्यूतील 'मेटाडेटा' विभागात ही सोय आहे. अनेक समाजमाध्यमे ही नोंद पुसतात, तरीही वृत्तपत्रांना व प्रकाशकांना ईमेलने पाठवलेल्या फाइलीत ती टिकते. त्याच वेळी घरात टिपलेले किंवा मुलांचे छायाचित्र असेल तर नोंदीतील ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढून टाकावेत.

संरक्षण किती आणि कोठवर

वॉटरमार्क पुसता येत नाही, अशी खात्री कोणीही देऊ नये. 2017 मध्ये गुगलच्या संशोधकांनी दाखवून दिले की एकच चिन्ह अनेक छायाचित्रांवर जसेच्या तसे वापरलेले असेल तर संगणक त्या संचातून चिन्हाचा आकार आणि पारदर्शकता शोधून काढतो आणि ते सर्व छायाचित्रांतून आपोआप वजा करू शकतो. चिन्हाची जागा किंवा अपारदर्शकता बदलल्याने या पद्धतीला फारसा अडथळा होत नाही, असेही त्यांना आढळले. प्रत्येक छायाचित्रात चिन्हाचा आकारच किंचित वाकवला तर मात्र पुसल्यानंतर खुणा मागे राहतात. त्यानंतर आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी एकेका छायाचित्रातील चिन्ह पुसणेही सोपे केले आहे. म्हणून चिन्हावर पूर्ण भिस्त न ठेवता सार्वजनिक ठिकाणी लहान आकाराचीच प्रत द्यावी. 6000 बाय 4000 पिक्सेलची मूळ फाइल स्वतःजवळ असणे आणि बाहेर फक्त 2048 पिक्सेलची प्रत असणे हा मालकीचा वाद उद्भवल्यास स्वतंत्र आणि भक्कम पुरावा असतो.

कायद्याच्या दृष्टीनेही चिन्हाचे स्थान नीट समजून घ्यावे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि तिच्यावरील हक्क ती निर्माण होताच अस्तित्वात येतो. त्यासाठी वॉटरमार्क किंवा नोंदणी यांची अट नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम 65ब नुसार हक्कांविषयीची माहिती अधिकाराविना, जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा आणि दंडाचा गुन्हा आहे, आणि या माहितीच्या व्याख्येत हक्कधारकाचे नाव येते. म्हणून निव्वळ नक्षी किंवा आद्याक्षरे यांपेक्षा पूर्ण नाव स्पष्ट वाचता येईल असे चिन्ह अधिक उपयोगी असते. मात्र चिन्ह लावल्याने नसलेला हक्क निर्माण होत नाही. कलम 17 नुसार, मोबदला देऊन एखाद्याने छायाचित्र काढवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला हक्कधारक तो ग्राहक ठरतो. लग्न, बारसे, मुंज अशा समारंभांची कामे घेणाऱ्यांनी हक्क आणि प्रसिद्धी यांविषयी दोन ओळींचा का होईना, पण लेखी करार आधी करावा आणि मगच आपले चिन्ह लावावे. दुसऱ्याने टिपलेल्या, केवळ आंतरजालावर सापडलेल्या छायाचित्रावर स्वतःचे चिन्ह लावणे ही तर सरळ चोरी आहे, आणि किल्ल्यांच्या, वारीच्या व पक्ष्यांच्या छायाचित्रांबाबत ती सर्रास होताना दिसते.

काही ठिकाणी चिन्ह न लावणेच उचित असते. अनेक छायाचित्र-स्पर्धांच्या नियमांत चिन्हांकित प्रवेशिका नाकारल्या जातात, कारण परीक्षकांना स्पर्धकाचे नाव कळता कामा नये. वृत्तपत्रे व नियतकालिके श्रेय छायाचित्राखाली स्वतंत्र देतात. आणि विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त संग्रहात दृश्य वॉटरमार्क नापसंत केला जातो, कारण तेथे श्रेय देण्याची जागा वर्णनपत्रात असते. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांच्या आणि हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती करणाऱ्यांनी तर चिन्ह लावलेली प्रत हीच एकमेव प्रत होऊ न देण्याची विशेष दक्षता घ्यावी, कारण पुढच्या पिढीला त्या मूळ वस्तूचा तेवढाच अवशेष हाती लागण्याची शक्यता असते.

या सर्व सूचनांपैकी एकच पाळायची असेल तर ती ही की, मूळ छायाचित्र चिन्हाविना, पूर्ण आकारात, किमान दोन वेगळ्या ठिकाणी जतन करावे आणि चिन्ह नेहमी प्रतीवरच लावावे. प्रतीवरचे चिन्ह चुकले, शोभले नाही किंवा कोणी पुसले, तरी नवी प्रत केव्हाही काढता येते. मूळ फाइलवर उमटवून जतन केलेले चिन्ह मात्र खुद्द छायाचित्रकारालाही निखळपणे परत काढता येत नाही.